कर्मठ, धर्मनिष्ठ की नुसतंच 'देवाचं करणारे'? कुलवृत्तांतासाठी शब्द हवेत

चिंचगुळ
नमस्कार मंडळी. आमच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे आणि व्यक्तिपरिचयांचं संपादन माझ्या गळ्यात पडलंय. प्रत्येकाला चार-पाच ओळी. जन्म, शिक्षण, नोकरी, अपत्यं हे सगळं सरळ असतं. घोडं अडतं ते स्वभावाच्या ओळीवर, त्यातही देवाधर्माच्या.

जुन्या आवृत्तीत एका पणजोबांबद्दल "अत्यंत कर्मठ" एवढंच छापलंय. त्यांच्या नातीचा, म्हणजे आमच्या आत्याचा निरोप आला: "आमच्या आजोबांना शिव्या छापल्यात, त्या आधी काढा. धर्मनिष्ठ लिहा." दुसरे एक काका. आयुष्यभर देव मानला नाही, पण घरचा गणपती कधी चुकवला नाही, आरतीला आवाज सगळ्यात खडा त्यांचाच. त्यांनी फॉर्मवर स्वहस्ते "नास्तिक" लिहून पाठवलं आणि मागोमाग काकूंचा फोन, "ते खोडा हं, नातीसाठी स्थळं बघतोय." तिसरी एक चुलत आजी. तिच्याबद्दल सगळे "फार देवदेव करायची" एवढंच सांगतात, आणि सांगताना चेहरे असे करतात की ते छापायची हिंमत होत नाही.

तर, तुमच्या घरात, गावात, समाजात अशा माणसांना काय म्हणतात? धार्मिक, श्रद्धाळू, भाविक, सश्रद्ध, सनातनी, परंपरावादी यांतला कोणता शब्द तुमच्या कानाला कौतुकाचा लागतो आणि कोणता टोमण्याचा? राजकारण नको, हात जोडते.

टवाळ_पोर
"राजकारण नको" लिहिलेल्या धाग्यांची शंभरी लवकर भरते असा अनुभव आहे. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मोडीवाचक
आत्याबाईंना सांगा, कर्मठ ही मुळात शिवी नाही. पाणिनीचं सूत्रच आहे, 'कर्मणि घटोऽठच्' (५.२.३५). कामात जो झटतो तो कर्मठ. हिंदीत अजूनही तोच अर्थ चालतो, 'कर्मठ कार्यकर्ता' म्हणून तिकडे शाल-श्रीफळ मिळतं. आपल्याकडे कर्म म्हणजे संध्या, तर्पण, श्राद्धपक्ष एवढंच उरलं, आणि संतांनी व पुढे सुधारकांनी कर्मकांडावर जी झोड उठवली तिच्यात हा शब्दही भाजून निघाला. आज मराठीत कर्मठ म्हटलं की डोळ्यांसमोर कपाळाला आठी असलेला माणूस येतो. पणजोबांना आठी होती का, हे आधी विचारा.

नागपुरी_संत्रा
मोडीवाचक, अगदी. आमच्या हापिसात हिंदीभाषक साहेबांनी एका मराठी सहकाऱ्याच्या निरोप समारंभात "ये बहुत कर्मठ आदमी हैं" म्हणून भाषण ठोकलं. तो बिचारा नंतर कँटीनमध्ये म्हणाला, "अबे, मी तर जानवं पण घालत नाही, ह्यांना कोणी सांगितलं?"

सांजवात
कर्मठ हा बाहेरच्यांचा शब्द. घरात तो मी कधी ऐकला नाही. घरात म्हणायचे, "त्यांच्याकडे कडक आहे" किंवा नुसतं "त्यांच्याकडे फार असतं". काय असतं ते सांगायची गरज नसायची. सोवळ्यातला स्वयंपाक, ओलेत्याने पाणी भरणं, बायकांनी धाबळी आणि पुरुषांनी मुकटा किंवा कद नेसणं, पोरांनी शिवलं की पुन्हा आंघोळ. (धाबळी म्हणजे लोकरीचं वस्त्र. लोकर आणि रेशीम विटाळत नाही अशी समजूत, म्हणून ही सोय. उन्हाळ्यात चुलीपुढे लोकर नेसून पुरण शिजवणाऱ्या बाईला ती किती सोय वाटत असेल ते वेगळं.)

पण चिंचगुळ, याच शब्दाची दुसरी बाजू संपादन करताना ध्यानात असू दे. जुन्या कागदांत एखाद्या बाईपुढे 'सोवळी' असं लिहिलेलं असलं तर त्याचा अर्थ ती फार देवाधर्माची होती असा नाही. सोवळी म्हणजे केशवपन केलेली विधवा. केस राखले असतील तर 'सकेशा'. हौसेने नव्या आवृत्तीत त्याचं 'धर्मपरायण' करून टाकू नका. तिला विचारून कुणी केलेलं नव्हतं ते.

चिंचगुळ
सांजवात, आहेत तशा दोन नोंदी. एकीचं वय तेव्हा एकोणीस. त्या नोंदी जशाच्या तशा ठेवून पुढे 'बालविधवा, केशवपन झालेले' असं स्पष्ट लिहायचं मनात आहे. काही ज्येष्ठांना ते "कशाला उकरायचं" वाटतंय. मी लिहिणार आहे.

एक_वाचक
+१. लिहाच.

रानवाटा
आमचा खटाव-माणकडचा भाग. आमच्याकडं धार्मिक, सश्रद्ध वगैरे कोणी बोलत नाही. शब्द एकच, माळकरी. गळ्यात तुळशीची माळ पडली की मटण-दारू बंद, एकादशी धरायची, वारी चुकवायची नाही. लग्नाच्या बैठकीत "घर माळकरी हाय" एवढं म्हटलं की पुढचे सतरा प्रश्न वाचतात. माळकऱ्याला कोणी कर्मठही म्हणत नाही आणि अंधश्रद्धही म्हणत नाही. टोमणा मात्र तयार असतो, "माळ घालून हे धंदे?" आणि एखादा परत रस्सा ओरपायला लागला की "त्यानं माळ तोडली" असं गावभर होतं. धर्म सोडला असं नाही, माळ तोडली. म्हणजे उद्या परत घालता येते.

टवाळ_पोर
आमचे मामा श्रावणापुरते सनातनी. गटारीला मध्यरात्रीपर्यंत कुळाचार यथासांग करतात आणि सकाळपासून आमच्या ताटात डोकावून "काय रे हे, महिना कोणता?" म्हणतात. यांना काय म्हणायचं?

खारीबिस्कीट
मोसमी.

तिरफळ
आमच्या सिंधुदुर्गात "देव मानतस काय?" असा प्रश्न कोणी कोणाला विचारत नाही. विचारतात ते "तुमचो मान खयचो?" गावरहाटीत प्रत्येक घराण्याला काहीतरी ठरलेलं असतं. कोणाचा पालखीचा मान, कोणाचा तरंगाचा (देवाचा सजवलेला खांब), कोणी ढोल वाजवायचा, कोणी गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाण्यात सगळ्या गावाचं येतं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. त्या 'व्हय' मध्ये श्रद्धा किती आणि सवय किती, हे कोणी मोजत बसत नाही.

आमचे एक काका मुंबईत गिरणीत होते, युनियनमध्ये. लाल बावटा, पोथ्यापुराणं सगळी थोतांड. शिमग्याला मात्र सगळ्यात आधी गावात हजर. मी एकदा छेडलं तर म्हणाले, "माका काय पटणा नाय, पण मान सोडूचो नाय." चिंचगुळ यांचे नास्तिक काका मला या जातकुळीचे वाटतात.

(आणि हो, गावाला 'कौल' लागल्याशिवाय मोठी कामं होत नाहीत. सरपंच कुठल्याही पक्षाचा असो.)

पळीपंचपात्र
तिरफळ यांच्या प्रतिसादातच उत्तर आहे असं मला वाटतं. मराठी माणूस धर्म विशेषणांत सांगतच नाही, क्रियापदांत सांगतो. एकादशी धरतात, माळ घालतात, सोयरसुतक पाळतात, कुळाचार करतात, मान देतात, नवस बोलतात आणि फेडतात, कौल लावतात. यातलं एकही क्रियापद "तुमचा देवावर विश्वास आहे का" या प्रश्नाचं उत्तर देत नाही. विशेषणं चिकटवतात ते शेजारी आणि सुना. माझं विचाराल तर मी आयटीत आहे आणि रोज संध्या करतो. मला कर्मठ म्हणा, चालेल. परंपरावादी म्हणू नका, ते निवडणुकीला उभं राहिल्यासारखं वाटतं.

काकांना 'नास्तिक' लिहायलाही माझी हरकत आहे, पण काकूंपेक्षा वेगळ्या कारणाने. 'नास्तिको वेदनिन्दकः' अशी मनूची व्याख्या (२.११). वेद न मानणारा तो नास्तिक. ईश्वर न मानणारे सांख्य आणि मीमांसक दर्शनांच्या यादीत आस्तिकच गणले जातात. गणपतीची प्राणप्रतिष्ठा मंत्रांनी करून घेणारे काका या हिशेबाने नास्तिक कसले?

मोडीवाचक
पळीपंचपात्र, मनूच्या आधीही शब्द होता. पाणिनी नुसतं 'अस्तिनास्तिदिष्टं मतिः' (४.४.६०) म्हणतो. 'आहे' अशी ज्याची मती तो आस्तिक, 'नाही' अशी मती तो नास्तिक. काय आहे आणि काय नाही, ते सूत्रात सांगितलेलंच नाही. टीकाकारांनी ते परलोक असं भरलं. म्हणजे काकांना विचारावं लागेल, देव जाऊ द्या, स्वर्गाचं काय?

चिंचगुळ
काकांना फोन केला. म्हणाले, "स्वर्गाचं नंतर सांगतो, आधी मटार सोलतोय."

अंजिराचं_झाड
पळीपंचपात्र यांचा क्रियापदांचा मुद्दा छान आहे, पण 'मराठी माणूस' म्हणताना जरा थांबा. आम्ही नगर जिल्ह्यातले मराठी ख्रिस्ती. आमच्याकडे सगळा भार विश्वासावरच. माणसाबद्दल विचारतात ते "विश्वासी आहे का?" चर्चला दर रविवारी जातो, देणगी देतो, सगळं करतो, तरी "पण विश्वासात नाही" असं त्याच्यामागे म्हणता येतं. माझी आजी कोणाचं कौतुक करायची तर देवभीरू म्हणायची. बाहेरच्या मराठीत भीरू म्हणजे भित्रा, आमच्यात तो दागिना. तसा पापभीरू तर सगळ्यांच्याच मराठीत चांगला आहे.

आणि हे आजचं नाही. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं, ओवीबद्ध मराठीत. त्यात श्रद्धावंतांसाठी शब्द येतो भावार्थी. गोव्यात कोंकणी बोलणारे ख्रिस्ती आजही श्रद्धेला भावार्थच म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. आपण मात्र भावार्थ म्हटलं की शाळेतल्या कवितेखालचे पाच गुण आठवतो.

सांजवात
भावार्थी! चिंचगुळ, माझं मत याला.

रानवाटा
अंजिराचं_झाड, तसं महानुभावांचंही हाय. आमच्या गावात चार घरं हायती. त्यांच्यात 'उपदेशी' म्हणतात, उपदेश घेतला की दुसऱ्या दैवताला हात जोडायचा नाही. जत्रेची वर्गणी देतील, पण देवळात नारळ फोडायला यायचे नाहीत. पूर्वी त्यावरून बरंच वाजायचं. नियम त्यांचे आमच्यापेक्षा कडक, पण त्यांना कर्मठ म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

दर्यावर्दी
रत्नागिरीकडचा मुसलमान बोलतोय. आमच्याकडे पायऱ्या आहेत. नमाजी म्हणजे पाच वेळा नमाज पढणारा, एवढंच. त्यावर परहेजगार, म्हणजे नको त्या गोष्टींपासून लांब राहणारा. आणि दीनदार म्हणजे एकूण आयुष्यच धर्माला धरून. हा शेवटचा शब्द मराठी मित्रांपुढे वापरायची सोय नाही. शाळेत एका मास्तरांना मी सांगितलं, "आमचे आजोबा फार दीनदार होते." त्यांनी खिशातून दहाची नोट काढली. :)

दुसरी गंमत इमानाची. अरबीत ईमान म्हणजे धर्मावरची श्रद्धा. मराठीत आल्यावर तो इमानी कुत्रा झाला आणि पोटासाठी केलेली इमानदारी झाली. त्याबद्दल तक्रार नाही, शब्द चांगल्या घरी पडला.

पीर मानणारे आणि न मानणारे यांच्यात आमच्याकडेही जुंपतेच. उरुसाला जाणाऱ्या आजीला तब्लीगवाला नातू समजावत असतो, आणि आजी त्याच्या खिशात ताबीज कोंबत असते.

शेंगदाणे
वाचतोय. एक गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. कर्मठ, धर्मनिष्ठ, सश्रद्ध, परंपरावादी हे शब्द मिळायला विशिष्ट घरात जन्मावं लागतं. सोळा सोमवार करणारी मध्यमवर्गीय बाई धार्मिक, आणि अंगात येणारी, परडी घेऊन जोगवा मागणारी बाई अंधश्रद्ध. भटजींनी मुहूर्त काढला तर परंपरा, भगताने कौल दिला तर अडाणीपणा. देवभोळा हा शब्द कोणासाठी राखीव आहे ते बघा. प्राध्यापकाला कोणी देवभोळा म्हणत नाही, मोलकरणीला म्हणतात.

आम्ही बौद्ध. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात कोणते देव मानणार नाही हे नावानिशी आहे. म्हणजे आमच्या ओळखीतच 'न मानणं' आहे, तरी आम्हाला कोणी नास्तिक म्हणत नाही, 'बौद्ध' म्हणतात. आणि घरातला उपासक माणूस रोज वंदना घेतो, पंचशील पाळतो. त्याला काय म्हणाल, सश्रद्ध की विवेकवादी? दोन्ही म्हणता येतं आणि आमचं कुठे अडत नाही.

पळीपंचपात्र
शेंगदाणे, पहिल्या परिच्छेदातलं बरंचसं मान्य, सगळं नाही. अंधश्रद्ध हा शब्द आमच्याही घरी भरपूर वापरून झालाय, आणि आमच्यावरही. माझ्या संध्येला माझाच भाऊ अंधश्रद्धा म्हणतो.

शेंगदाणे
भाऊ म्हणतो. पोलीस म्हणत नाहीत. :) फरक तिथे आहे.

खारीबिस्कीट
अवांतर: २०१३ च्या कायद्याच्या नावात अंधश्रद्धा हा शब्दच नाही, हे किती जणांना माहीत आहे? नाव आहे 'महाराष्ट्र नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा...' वगैरे लांबलचक. चळवळीचं नाव अंधश्रद्धा निर्मूलन, कायदा मात्र प्रथांच्या नावाने. मला हे शहाणपणाचं वाटतं. कोणाची श्रद्धा अंध आणि कोणाची डोळस हे ठरवायला कोर्टात कुठली पट्टी लावणार? चटके दिले, लुबाडलं, छळलं हे सिद्ध करता येतं.

नागपुरी_संत्रा
खारीबिस्कीट, बरोबर. पण त्या नावापर्यंत यायला किती वर्षं गेली आणि दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाल्यावरच वटहुकूम निघाला, हेही लिहा.

फुलपाखरू_७
मला सनातनी या शब्दाबद्दल विचारायचं आहे. आमच्या लहानपणी हा शब्द घरात कोणी स्वतःला लावत नव्हतं. आता व्हॉट्सॅपवर निम्मे नातेवाईक 'गर्वाने सनातनी' आहेत. त्यातले बरेच जण एकादशीला अंडं खातात.

टवाळ_पोर
अंडं शाकाहारी आहे, शास्त्र असतं ते.

मोडीवाचक
सनातनी हा शब्द आपल्याकडे वादातच मोठा झाला. प्रार्थना समाज (१८६७), आर्य समाज (१८७५) अशी नवी मंडळी उभी राहिली, तेव्हा जे त्यांच्यात नाहीत त्यांना एक नाव हवं होतं. म्हणजे सुधारक नव्हते तोपर्यंत सनातनी म्हणवून घ्यायचं कारणच नव्हतं.

आणि या दोन पेट्या वाटतात तितक्या वेगळ्या नव्हत्या. पुण्याचं पंच हौद मिशनचं चहा प्रकरण घ्या, १८९०. मिशनऱ्यांकडे व्याख्यान, मग चहा-बिस्किटं. कोणी घेतली, कोणी घेतली नाहीत, पण यादी वर्तमानपत्रात छापून आली आणि ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकायचं प्रकरण, उभं राहिलं. त्या यादीत टिळकही आणि रानडेही. पुढे प्रायश्चित्ताचं लचांड दोघांच्याही मागे लागलं. ज्यांना आपण शाळेत फळ्याच्या दोन बाजूंना लिहितो ते एकाच चहाच्या टेबलाला होते. ग्रामण्य हा शब्द आता गेला. वाळीत टाकणं अजून आहे, त्यावर २०१६ मध्ये वेगळा कायदा करावा लागला.

शेंगदाणे
सनातनवरून आठवलं. धम्मपदात पाचवी गाथा आहे, वैराने वैर शमत नाही, अवैराने शमतं, 'एस धम्मो सनन्तनो'. हाच सनातन धम्म. आमच्या विहारात ही गाथा म्हणताना पोरं एकमेकांकडे बघून हसतात.

मोडीवाचक
वा! मग पाखंडीही घ्या. आज शिवी. पण अशोकाच्या गिरनारच्या बाराव्या लेखात राजा सगळ्या 'पासंडां'चा सन्मान करतो. पासंड म्हणजे नुसता पंथ, संप्रदाय, आपलाही आणि दुसऱ्याचाही. दुसऱ्याच्या पासंडाची विनाकारण निंदा करू नये असं दगडात कोरलंय. नंतर आपला तो संप्रदाय आणि दुसऱ्याचं ते पाखंड झालं.

फुलपाखरू_७
म्हणजे मी ज्या काकांना ग्रुपवर पाखंडी म्हटलं त्यांना आता अशोकाचा हवाला देते.

नागावची_नारळी
मोठी रजा काढून हा धागा वाचला. मी बेने इस्रायल, नागावची, आता अश्दोदला असते. आमच्या लोकांना कुलाब्यात (आताचा रायगड) शेजारी शनवार तेली म्हणायचे. धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद. आम्ही यहुदी आहोत, आमचा ग्रंथ कोणता, देव कोण, हे शेजाऱ्यांना ठाऊक नव्हतं आणि बहुतेक विचारलंही नाही. काय पाळतात ते दिसलं, तेच नाव पडलं. पळीपंचपात्र यांच्या क्रियापदांना हा माझा आहेर.

आमच्या बोलण्यात सिनेगॉगला मशीद म्हणतात. मुंबईत १७९६ मध्ये सॅम्युअल दिवेकर यांनी पहिलं बांधलं, ती आमची 'जुनी मशीद'. रेल्वेच्या मशीद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं आमच्यात अभिमानाने सांगतात. धर्मकार्य सांगणाऱ्या घराण्यांना काजी म्हणायचे. नवस फेडायला एलियाहू हन्नाबीचा मलिदा, पोहे-खोबरं-साखर घालून, अगदी कोकणी.

आणि मग इस्रायलला आल्यावर इथल्या ऑर्थोडॉक्स धर्मपीठाने १९६२ मध्ये फतवा काढला की बेने इस्रायलांशी लग्न लावण्याआधी त्यांच्या वंशाची पिढ्यान्‌पिढ्या चौकशी करा. आपल्या लोकांनी धरणी धरली, उपोषणं केली. १९६४ मध्ये सरकारला जाहीर करावं लागलं की हे पूर्ण यहुदी आहेत. शेकडो वर्षं शनिवार पाळल्यामुळे ज्यांचं नाव पडलं, त्यांना "तुम्ही खरे का" विचारलं गेलं. माझी सासू अजून त्या धर्मपीठाला मराठीतून जे म्हणते ते इथे लिहिता येणार नाही.

दर्यावर्दी
नारळीताई, सलाम. आमच्या गावाशेजारी तुमच्यातलं एक घर होतं, मलिद्याचं ताट आमच्याकडे यायचं. आम्हीही मलिदाच म्हणतो, पण आमचा चपात्या-गुळाचा.

तिरफळ
आता या दोन मलिद्यांची कृती कोणीतरी टाका. धाग्याचं सार्थक होईल.

एक_वाचक
परंपरा शब्दाबद्दल कोणीच बोललं नाही. आमच्या सोसायटीत परवा पत्रक लागलं, "गेल्या कित्येक वर्षांच्या परंपरेप्रमाणे याही वर्षी दहीहंडी". इमारतच २०१९ ची.

सांजवात
परंपरा मोठा शब्द आहे. बायका 'रीत' म्हणतात. "आमच्यात रीत नाही" म्हटलं की विषय बंद, कारण विचारायचं नाही. गावच्या पाटीलकीत 'वहिवाट' म्हणतात, तिला कागद लागतो. आणि एखाद्याने नवीन काही सुरू केलं आणि ते नको असलं की तो 'पायंडा'. "नवीन पायंडा पाडू नका." एकच गोष्ट पहिल्या वर्षी पायंडा, पाचव्या वर्षी रीत आणि सोसायटीच्या पत्रकात परंपरा.

माझा आवडता मात्र 'शास्त्रापुरतं'. शास्त्रापुरता एक घास, शास्त्रापुरती हळद. काहीही न मोडता सगळं आटोपशीर करायची अशी युक्ती आपल्या आज्यांनी काढून ठेवली आहे.

पळीपंचपात्र
आणि बाळबोध राहिलाच. 'बाळबोध वळणाचं घराणं'. पूर्वी स्थळाच्या चिठ्ठीत हा शब्द असला की मुलीकडचे निश्चिंत व्हायचे. घरात संध्याकाळी दिवा, परवचा, शुभंकरोति, आणि सासूचा त्रास नियमात बसेल एवढाच. कर्मठ म्हटलं तर मुलीकडचे पळाले असते.

चिंचगुळ
सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं येईल असं वाटलं नव्हतं. काम कुठवर आलं ते सांगते.

पणजोबा: आत्याकडे तासभर बसले आणि विशेषणं बाजूला ठेवून त्यांचा दिवस विचारला. पहाटे नदीवर स्नान, त्रिकाळ संध्या, परान्न वर्ज्य, अगदी मुलीच्या सासरीसुद्धा. तालुक्याला कोर्टात साक्ष द्यायला गेले की दिवसभर उपाशी. आणि प्लेगमध्ये गाव रानात राहायला गेलं तेव्हा ज्यांना खांदा द्यायला कोणी पुढे येत नव्हतं अशांना, जात न पाहता, यांनी उचललं. रोज घरी येऊन स्नान करायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे. हे आत्याने इतकी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. एवढं सगळं छापलं तर पुढे कर्मठ लिहिलं काय नि धर्मनिष्ठ लिहिलं काय. आत्याला दाखवलं. वाचून म्हणाल्या, "हो, असेच होते. पण धर्मनिष्ठ पण लिही." लिहिलं.

'देवदेव करणारी' आजी: तिच्या सुनेकडून व्रतांची यादी आली, ती एका पानात मावत नाही. सुनेचं म्हणणं, आजी घरात कोणाशी पटलं नाही की नवीन व्रत धरायची, म्हणजे त्या दिवशी स्वयंपाकघरात जावं लागायचं नाही. हे कसं छापायचं ते अजून कळलेलं नाही.

सांजवात
"व्रतस्थ" लिहा. ज्याला कळायचं त्याला कळेल.

रानवाटा
आजी हुशार होती.

तिरफळ
आणि काका?

चिंचगुळ
काका "नास्तिक" वर ठाम, काकू "खोडा" वर ठाम. विवेकवादी सुचवलं, काकू म्हणाल्या हे पेपरातलं वाटतं. बुद्धिप्रामाण्यवादी सुचवलं, काका म्हणाले दोन ओळी खाईल. तिरफळ यांच्या 'मान सोडूचो नाय' वर काका खूश झाले, पण ते मालवणीत छापायला समिती तयार नाही. शेवटी मी "निरीश्वरवादी, घरच्या गणेशोत्सवाचे आधारस्तंभ" असं लिहून दोघांना पाठवलं. दोघांचीही मंजुरी आली. काकूंना तो कुठलातरी दक्षिणेकडचा संप्रदाय वाटला.

मोडीवाचक
निरीश्वर सांख्य म्हणून दर्शनाचं नाव आहेच. काकू फार लांब नाहीत. मुलाकडच्यांनी विचारलं तर सांख्यांकडे बोट दाखवा, आस्तिकांच्या यादीत आहेत.